रिकामी दिसणारी कुपी : माऊसचं हिस-टॅग लावलेलं पीडी-एल-१ पहिल्यांदा हाताळताना

"सर, व्हायल रिकामीच आलीय."

नवे प्रोजेक्ट विद्यार्थी लॅबमध्ये रुळायला लागले की हे वाक्य दरवर्षी एकदा तरी कानावर येतं. कुपी उजेडात धरली जाते, उलटी केली जाते, तिला टिचकी मारून पाहिली जाते. आत काही दिसत नाही. एकाने तर ती सरळ कचऱ्यात टाकली होती. मग हातमोजे चढवून आम्ही दोघांनी डबा उपसला. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे वजनाने मिठाचे दोनेक दाणे. प्रोटीन वाळवताना ट्रेहॅलोज साखर घातली असेल तर तळाशी पांढरी, कापसासारखी चकती दिसते. नुसत्या पीबीएसमधून (फॉस्फेटवालं खारं बफर) वाळवलं असेल तर काचेवर पातळ पापुद्रा असतो, तोही तळाशीच असेल असं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूलाही चिकटलेला असतो.

हा लेख अशाच एका कुपीबद्दल आहे: माऊसचं पीडी-एल-१, पेशीबाहेरचा भाग, शेपटाला हिस-टॅग (प्रोटीन शुद्ध करताना धरायला जोडलेला छोटा तुकडा), १०० मायक्रोग्रॅम. टी-पेशी आणि कर्करोग या विषयात काम सुरू करणाऱ्याच्या हातात पहिल्या काही महिन्यांतच हे प्रोटीन पडतं, आणि पेशीच्या पटलावरच्या इतर प्रोटीनांनाही यातलं बरंचसं लागू होतं. माझा अनुभव असा, की प्रयोग फसतो तो प्लेट (छोट्या खळ्यांची चाचणीची थाळी) वाचताना नाही. तो ऑर्डर देताना तरी फसलेला असतो, नाही तर कुपी उघडल्यावरच्या पहिल्या तासात. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

लेबल वाचताना

पीडी-एल-१ हे पेशीच्या पटलात रुतलेलं प्रोटीन. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि पीडी-एल-१ त्या ब्रेकवर पाय ठेवतं. अनेक ट्यूमर नेमकी हीच युक्ती वापरून टी-पेशींना गप्प करतात. पीडी-१ चा शोध क्योटोत तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये १९९२ मध्ये लागला, आणि २०१८ मध्ये होंजो व जेम्स ॲलिसन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढा इतिहास पुरे.

माऊसच्या पीडी-एल-१ मध्ये एकूण २९० अमिनो आम्लं. पहिली १८ म्हणजे सिग्नल पेप्टाइड. प्रोटीन पेशीबाहेर पाठवण्यापुरतं त्याचं काम, नंतर ते कापलं जातं. साधारण १९ ते २३८ हा पेशीबाहेरचा भाग. त्यानंतर पटलातून आरपार जाणारा तुकडा आणि आत छोटीशी शेपटी. पटलातला तुकडा तेलकट असतो, पाण्यात विरघळत नाही. म्हणून तुमच्या कुपीत तो नसतोच. लेबलवर '१९–२३८' असं दिसलं की समजायचं: हा फक्त बाहेरचा भाग आहे, पाण्यात सुखाने राहणारा. पटल एकदाच ओलांडणाऱ्या प्रोटीनांच्या बाबतीत ही सोय होते. सीडी-२० सारखं प्रोटीन पटलातून चार वेळा ये-जा करतं. त्याचा बाहेरचा भाग असा कापून काढला तर आकारच राहत नाही. मग डिटर्जंट, नॅनोडिस्क अशा भानगडी येतात. तुमचं पहिलंच काम तसल्या प्रोटीनवर असेल तर शेजारी अनुभवी माणूस घेऊन बसा, हा लेख पुरणार नाही.

आता 'माऊस' या शब्दाबद्दल. मराठीत घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी, पण माऊस आणि रॅट दोन्ही 'उंदीर'च. लॅबमध्ये हा ढिलेपणा परवडत नाही, कारण या गोष्टीत दोघंही आहेत. प्रोटीन माऊसचं आहे, आणि त्याला ओळखणाऱ्या बहुतेक नावाजलेल्या अँटिबॉडी रॅटच्या आहेत. कारण सोपं: माऊसला माऊसचंच प्रोटीन टोचलं तर त्याचं शरीर ते घरचं म्हणून सोडून देतं, अँटिबॉडी सहसा करत नाही. १०एफ.९जी२ हा क्लोन (एकाच पेशीकुळातून मिळणारी अँटिबॉडी) आणि एमआयएच५ हा क्लोन, दोन्ही रॅटचे.

जनुकाच्या नावातही खूण असते. माऊसच्या जनुकाचं नाव रोमन लिपीत लिहिताना फक्त पहिलं अक्षर मोठं, माणसाच्या जनुकाचं सगळं नाव मोठ्या अक्षरांत. ऑर्डर देताना घाईत हा फरक नजरेतून सुटतो. त्यापेक्षा युनिप्रॉट या प्रोटीनांच्या माहितीकोशातला क्रमांक जुळवून पाहा: माऊसचा क्यू९ईपी७३, माणसाचा क्यू९एनझेडक्यू७. ही चूक वाईट अशासाठी, की ती पटकन पकडली जात नाही. दोन्ही प्रोटीनांत सुमारे ७० टक्के साम्य आहे आणि माऊसचं पीडी-१ माणसाच्या पीडी-एल-१ ला छान चिकटतं. २००८ मध्ये त्या मिश्र जोडीची स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाली आहे. म्हणजे चुकीच्या प्रजातीची कुपी उघडली तरी प्लेटवर रंग येतोच. मग तुम्ही १०एफ.९जी२ ने तो रंग अडवायला जाता आणि काहीच अडत नाही, कारण ती अँटिबॉडी फक्त माऊसचं ओळखते. दोन महिने गेल्यावर कोणीतरी कुपीवरचं लेबल वाचतं. औषधांच्या अँटिबॉडींचंही असंच: ॲटेझोलिझुमॅब दोन्ही प्रजातींच्या पीडी-एल-१ ला चिकटते, पण पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब माऊसच्या पीडी-१ ला ओळखत नाहीत.

प्रोटीन कुठल्या पेशीत बनवलं, हेही लेबलवर असतं. पीडी-एल-१ साठी 'एचईके-२९३' असलेलं घ्या. या पेशी माणसाच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडातल्या, नेदरलँड्समधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहॅमने तयार केलेल्या. २९३ हा त्याच्या वहीतल्या प्रयोगाचा क्रमांक. (नीट क्रमांक घालून वही लिहा म्हणून मुलांच्या मागे लागतो तेव्हा मी हे उदाहरण देतो.) या पेशी प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चढवतात. ई. कोलाय बॅक्टेरिया तशा चढवत नाही. शिवाय त्यातून एंडोटॉक्सिनही (बॅक्टेरियाच्या कवचातला, पेशींना भडकवणारा पदार्थ) येतं, आणि ते टी-पेशींच्या प्रयोगात शिरलं तर निकाल कोणाचा, प्रोटीनचा की एंडोटॉक्सिनचा, हे कळायला मार्ग नाही.

टॅग म्हणजे नुसती मूठ नव्हे

टॅग प्रोटीन शुद्ध करायला लावतात, असं पुस्तकात असतं. खरं आहे. सहा हिस्टिडिन ओळीने लावले की ते निकेलला धरून ठेवतात. बाकीचा गाळ धुऊन टाकायचा, मग इमिडॅझोलने प्रोटीन सोडवून घ्यायचं. पण कुपी तुमच्या हातात येते तेव्हा शुद्धीकरण संपलेलं असतं आणि टॅग मात्र तसाच असतो. आता तो तुमच्या प्रयोगातला एक भिडू आहे.

हिस-टॅग लहान, जेमतेम ०.८ किलोडाल्टनचा (प्रोटीनच्या वजनाचं एकक). पीडी-एल-१ च्या बाबतीत तो शेवटच्या टोकाला, म्हणजे एरवी पटलाकडे असणाऱ्या बाजूला लावतात. पीडी-१ ला धरणारा भाग दुसऱ्या टोकाकडे आहे, त्यामुळे टॅग मध्ये येत नाही. टॅग सुरुवातीला आहे की शेवटी, हे म्हणूनच पाहायचं.

खरी गोम पुढे आहे. हिस-टॅगवालं पीडी-एल-१ एकेकटं राहतं, आणि पीडी-१ शी त्याची पकड सैल आहे, मायक्रोमोलर पातळीची. एकास एक जोडी जमते आणि बघता बघता सुटते. पेशीवर शेकडो जोड्या शेजारी शेजारी असल्याने एकूण पकड घट्ट होते; तुमच्या ट्यूबमध्ये तसं नसतं. पीडी-१ असलेल्या पेशींवर एकेकटं हिस-टॅगवालं प्रोटीन ओतलं, दोनदा धुतलं आणि फ्लोमध्ये (एकेका पेशीवरची चमक मोजणारं यंत्र) पाहिलं, तर शिखर जागचं हलत नाही. विद्यार्थिनी रडकुंडीला येते, 'प्रोटीन मेलंय' म्हणते. प्रोटीन जिवंत असतं. वॉशमध्ये वाहून गेलेलं असतं.

त्यासाठी दुसरे टॅग. एफसी-टॅग म्हणजे अँटिबॉडीचा बुंधा. त्यामुळे दोन रेणू जोडीने राहतात आणि दोन हातांनी धरतात. ॲव्ही-टॅग १५ अमिनो आम्लांचा. बिर-ए नावाचं एन्झाइम त्यावर नेमक्या एका जागी बायोटिन लावतं, मग बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रोटीनवर चार-चार रेणू बसवता येतात. फ्लोमध्ये पेशी रंगवायच्या असतील तर हा चौकडीचा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

एफसीलाही खोड आहेच. मॅक्रोफेजसारख्या पेशींवर एफसी पकडणारे रिसेप्टर असतात. तिथे पीडी-एल-१-एफसी चिकटलं तर ते पीडी-एल-१ मुळे की एफसीमुळे? नुसतं एफसी प्रोटीन शेजारी लावल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. आणि टॅग माऊसच्या एफसीचा असेल, तर माऊसविरोधी सेकंडरी अँटिबॉडी (अँटिबॉडीला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी) थेट टॅगलाच धरेल.

सारांशाने ऑर्डर अशी: प्लेटवर बसवून वर काही चिकटवायचं असेल तर हिस-टॅग चालतो, स्वस्तही पडतो. पेशी रंगवायच्या तर बायोटिनवालं. टी-पेशींना ब्रेक लावून दाखवायचा तर एफसीवालं. आमची कुपी पहिल्या कामासाठी आहे.

आणखी एक शब्द लेबलवर शोधा: कॅरिअर-फ्री. काही कुप्यांत प्रोटीन टिकावं म्हणून पन्नासपट बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) मिसळलेलं असतं. पेशींवर टाकायला ते ठीक. पण प्लेटवर प्रोटीन बसवायचं असेल, त्यावर रंग किंवा बायोटिन चढवायचं असेल, तर बीएसएच सगळी जागा अडवतं. आमच्याकडे एकदा जेलवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणारा थर) ६६ किलोडाल्टनचा ठसठशीत बँड पाहून विद्यार्थ्याने विक्रेत्याला 'भेसळ' म्हणून कडक ईमेल लिहून ठेवला होता. सुदैवाने पाठवण्याआधी मला दाखवला. बँड बीएसएचा होता, आणि बीएसए असल्याचं कागदावर दुसऱ्याच ओळीत छापलेलं होतं.

पहिला तास

पार्सल येतं ते बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, नाहीतर गणपतीच्या आदल्या दिवशी. आतले बर्फाचे पॅक वितळलेले असतात. घाबरू नका, आधी कागद वाचा. वाळवलेलं प्रोटीन बरेचदा साध्या तापमानाला किंवा निळ्या पॅकवर पाठवतात, आणि त्याला मे महिन्यातला पुण्याचा एखादा दिवस सहसा मारत नाही. द्रवरूपात, ड्राय आइसवर यायला हवं होतं आणि ड्राय आइस उडून गेलाय, तर मात्र फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा. लगेच वापरायचं नसेल तर वाळलेली कुपी न उघडता उणे २० किंवा उणे ८० ला, कागदात असेल तिथे.

वापरायच्या दिवशी कुपी बाहेर काढून बंदच ठेवा, वीस-तीस मिनिटं, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. थंड कुपी उघडली की हवेतली ओल आत धरते, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

मग सेंट्रिफ्यूज. झाकणाला चिकटलेला पापुद्रा खाली आला पाहिजे. कुपी मायक्रोफ्यूजच्या भोकात बसणारी असेल तर कागदावरच्या वेगाने अर्धा-एक मिनिट फिरवा. काचेची असेल तर कुपी पेलेल असा होल्डर आणि कमी वेग. फुटलेली काच आणि महागडं प्रोटीन एकत्र गोळा करता येत नाही.

आता पाणी की पीबीएस? नवख्यांचा हात आपोआप पीबीएसकडे जातो. थांबा. प्रोटीन पीबीएसमधून वाळवलं असेल तर मीठ कुपीत आधीपासून आहे. तेवढ्याच आकारमानाचं पीबीएस पुन्हा घातलं की मीठ दुप्पट. अशा वेळी निर्जंतुक पाणी घालायचं. कागदावर पीबीएसच घाला असं लिहिलं असेल तर तेच घाला. उत्पादकाने काय वाळवलं ते त्यालाच ठाऊक. किती घालायचं, तेही कागदावर असतं. आमच्या कुपीचं गणित: १०० मायक्रोग्रॅम, हवं प्रमाण मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० मायक्रोलिटर. फार पातळ करू नका. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली साठवलेलं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तुमच्या हाती पाणी उरतं.

पिपेटचं टोक भिंतीला टेकवून पाणी हळू सोडा, चारही बाजूंनी ओघळू द्या. झाकण लावा, हलकेच फिरवा, आडवं-उभं करा. आणि मग काहीही करू नका. पंधरा ते तीस मिनिटं नुसती ठेवून द्या. हे 'काहीही करू नका' मुलांना सगळ्यात जड जातं. हात शिवशिवतात, व्हॉर्टेक्सरकडे वळतात. व्हॉर्टेक्स केलं की फेस, आणि फेसाच्या बुडबुड्यांवर प्रोटीन उलगडतं. पिपेटने जोरात वर-खाली करणंही त्याच जातीचं. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभं राहतो ना, तसं नुसतं उभं राहा.

वाटे

पुढचं काम लगेच, त्याच बैठकीत. २० मायक्रोलिटरचे वीस वाटे केले की प्रत्येकात ५ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात एकोणीसच भरतात, थोडं टिपांना आणि काचेला जातं. ते गृहीत धरा. प्रोटीन न चिकटणाऱ्या ट्यूब घ्या. फार लहान वाटे नकोत, १० मायक्रोलिटरच्या खाली तर नकोच. ते फ्रीझरमध्ये सुकतात.

वाटे उणे ८० ला. एक वाटा एकदाच वितळवायचा, उरलेलं परत गोठवायचं नाही. चार-पाच दिवसांत लागणार असेल तर ४ अंशांवर ठेवा, आणि त्याबाबतही कागदावरची मुदत पाळा. स्वतःहून बर्फ वितळवणारा घरगुती पद्धतीचा फ्रीझर वापरू नका, तो ठरावीक वेळाने आतून गरम होतो. लाईट गेल्यावर जनरेटर लागायला किती वेळ लागतो, हे एकदा विचारून ठेवा. आमच्या जुन्या लॅबमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एका लांबलेल्या सुट्टीनंतर सगळ्यांचे सगळे वाटे एकदा वितळून पुन्हा गोठलेले निघाले, आणि हे कळलं फ्रीझरच्या तळाशी वाहून गोठलेल्या पाण्यावरून.

ट्यूबवर काय लिहायचं: प्रोटीन, प्रजाती, टॅग, प्रमाण, लॉट नंबर, तारीख, तुमची आद्याक्षरं. नुसतं 'पीडीएल' लिहिलेल्या ट्यूब आमच्या फ्रीझरमध्ये अजून आहेत. त्या कोणाच्या आणि कुठल्या प्रजातीच्या, ते देव जाणे. साध्या मार्करची शाई स्पिरिटच्या एका थेंबाने जाते, तेव्हा फ्रीझरची खास लेबलं वापरा.

जेलवर : २६ कुठे गेलं?

पहिल्या वाट्यातला मायक्रोग्रॅमभर जेलवर घाला. हिशेबाने प्रोटीनचं वजन टॅगसकट सुमारे २६ किलोडाल्टन. जेलवर मात्र बँड ३५ ते ४५ च्या दरम्यान, आणि तोही धारदार नाही, पुसट कडांचा, पसरलेला. प्रोटीन खराब आलं असं म्हणण्याआधी साखर आठवा. प्रत्येक रेणूवरच्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात, म्हणून बँड फुगतो.

खात्री हवी असेल तर पीएनजीएज-एफ एन्झाइमने साखळ्या छाटा. बँड उतरून २६ च्या आसपास येतो आणि आखीव होतो. पण त्याच लेनमध्ये ३६ च्या जवळ एक नवा बँडही दिसेल. तो एन्झाइमचा स्वतःचा. नुसत्या एन्झाइमची एक लेन शेजारी ठेवली नसेल, तर 'अर्धवटच छाटलं गेलं' असा निष्कर्ष वहीत जातो. मीही एकदा लिहिला होता.

प्रमाण तपासायचं तर २८० नॅनोमीटरवर शोषण मोजा, पण यंत्रावरचा '१ म्हणजे १ मिलिग्रॅम' हा पर्याय वापरू नका. एक्स्पेसी संकेतस्थळावरच्या प्रॉटपॅरममध्ये तुमच्या तुकड्याचा क्रम टाकून गुणांक काढा. मोलर प्रमाण काढताना वजन २६ धरा, जेलवरचं ४० नाही. साखर २८० ला जवळजवळ काही शोषत नाही, तुम्ही मोजलंत ते प्रोटीन. आणि कुपीत बीएसए असेल तर हे मोजणंच निरर्थक, ते कळलंच असेल.

प्लेटवर

आता साधी एलायझा, म्हणजे प्लेटवर बसवलेल्या प्रोटीनला काय चिकटतं ते रंगावरून पाहणारी चाचणी. अर्धी प्लेट, ४८ वेल, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर: ४.८ मिलिलिटर, म्हणजे ५ बनवा. मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम या प्रमाणाने १० मायक्रोग्रॅम प्रोटीन लागलं. दोन वाटे वितळवा. पातळ करायचं ते वापरायच्या तोंडावर, पीबीएसमध्ये किंवा ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये. इथे बीएसए घालायचं नाही, नाहीतर प्लेटवर तेच बसेल. रात्रभर ४ अंशांवर, प्लेट झाकून.

सकाळी ०.०५ टक्के ट्वीन (सौम्य डिटर्जंट) घातलेल्या पीबीएसने तीनदा धुवा, २ टक्के बीएसएने तासभर ब्लॉक करा, म्हणजे प्लेटवरची उरलेली मोकळी जागा भरा. घरचा उपाय म्हणून दूध पावडर वापरायची सवय अनेकांना असते. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन असेल तर दूध नको, दुधात बायोटिन असतं. मग माऊसचं पीडी-१, माणसाच्या एफसीचा टॅग लावलेलं: मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात, तिपटीने उतरत आठ पायऱ्या. तासाभराने धुऊन माणसाच्या एफसीला ओळखणारी एचआरपीवाली (रंग आणणारं एन्झाइम जोडलेली) अँटिबॉडी, पुन्हा धुणं, टीएमबी (ज्यातून रंग बनतो ते द्रावण), निळा रंग चढला की आम्ल, पिवळा झाला की ४५० वर वाचा. कुठल्याही बाटलीत सोडियम ॲझाइड असेल तर ती या कामातून बाजूला करा. ॲझाइड एचआरपीला बंद पाडतं आणि रंग येत नाही.

नियंत्रणाच्या वेलवर कंजूषपणा करू नका. पीडी-एल-१ नसलेले वेल हवेतच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारच्या पेशीत बनलेलं, हिस-टॅगच असलेलं, पण भलतंच प्रोटीन, त्याच प्रमाणात. आणि रॅटची १०एफ.९जी२ घालून रंग उतरतो का ते पाहणारे वेल, सोबत रॅटचीच, त्याच प्रकारची पण कशालाच न ओळखणारी अँटिबॉडी असलेले. रंग फक्त पहिल्या अँटिबॉडीने उतरला, तर तुमचं पीडी-एल-१ प्लेटवर नीट बसलंय आणि त्याचा आकार शाबूत आहे असं म्हणायला जागा आहे.

आलेल्या वक्ररेषेच्या अर्ध्यावर जे प्रमाण मिळतं, ते नॅनोमोलरमध्ये येईल (मायक्रोमोलरचा हजारावा भाग; आकडा लहान तितकी पकड घट्ट). खूश होऊन त्याला 'बंधनाची ताकद' म्हणू नका. प्लेटवर प्रोटीन दाटीवाटीने बसलंय आणि वरचं पीडी-१ एफसीमुळे दोन हातांनी धरतंय. म्हणून आकडा इतका चांगला दिसतो. खरी एकास एक पकड सैलच आहे. सेमिनारमध्ये या एका वाक्यावर भल्याभल्यांची गाडी अडलेली मी पाहिली आहे.

निकेलच्या प्लेटवर हिस-टॅगने प्रोटीन बसवायचं असेल, तर बफरमधून ईडीटीए, डीटीटी आणि इमिडॅझोल हद्दपार करा. ईडीटीए निकेलच उचलून नेतो.

पेशींवर टाकायचं झालं तर

थोडक्यात. कुपी हूडमध्येच उघडा. कागदावरचा एंडोटॉक्सिनचा आकडा पाहा: मायक्रोग्रॅमला १ ईयूच्या (एंडोटॉक्सिनचं एकक) खाली हे सर्रास दिसतं, पण टी-पेशींबरोबर मॅक्रोफेजही असतील तर ०.१ च्या खालचं शोधा. ॲझाइड अजिबात नको. ४०० मायक्रोलिटर द्रव गाळणीतून गाळायचा मोह आवरा, निम्मं प्रोटीन गाळणीत राहील. आणि ब्रेक लावून दाखवायचा असेल तर पीडी-एल-१-एफसी हे टी-पेशीला जागं करणाऱ्या सीडी-३ विरोधी अँटिबॉडीसोबत प्लेटवर बसवा. नुसतं माध्यमात विरघळवलेलं एकेकटं प्रोटीन टी-पेशीला थांबवेल अशी अपेक्षा ठेवू नका. उलट ते पीडी-१ ची जागा अडवून गोंधळ वाढवू शकतं.

तीन वाटे उरले की

या टप्प्यावर नवी कुपी मागवा, संपल्यावर नाही. परदेशातून येणाऱ्या कुपीला कस्टम्समध्ये किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही. नवी आली की आधी लॉट नंबर बघा. वेगळा असेल तर जुना एक वाटा आणि नवा एक वाटा एकाच प्लेटवर, एकाच दिवशी, एकाच हाताने लावा. दोन वक्ररेषा एकमेकींवर बसल्या तर पुढे चला. नवी रेषा सरकलेली दिसली तर कोटिंगचं प्रमाण तेवढं बदलून पुन्हा पाहा, आणि दोन्ही लॉट नंबर त्या दिवसाच्या पानावर लिहून ठेवा. यासाठी जुन्यातला एक वाटा शिल्लक लागतो. आमच्याकडे त्या ट्यूबच्या झाकणावर लाल ठिपका असतो. शनिवारी रात्री कोणाला कितीही निकड असली तरी लाल ठिपक्याची ट्यूब काढायची नाही.